आप्पांच्या शेतातला कंट्रोल प्लॉट

"याला म्हणतात रिझल्ट!" सबनीस सर बांधावर उभे राहून मोबाइल आडवा धरत म्हणाले. "फोटो बोलतोय बघ. आपण काही बोलायचीच गरज नाही."

समोर टोमॅटोचे आठ पट्टे होते. चार पट्ट्यांच्या तोंडाशी हिरव्या पाट्या, चारांच्या तोंडाशी पांढऱ्या. एक सोडून एक. हिरव्या पाटीची झाडं बांधणीच्या तिसऱ्या तारेला भिडलेली. पांढऱ्या पाटीची पहिल्या तारेपाशीच घुटमळत होती, पानंही बारीक. रस्त्यानं उसाची ट्रॉली घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हरलाही कळावा इतका फरक.

हिरव्या पाटीला आमच्या कंपनीचं औषध दिलं होतं. पांढऱ्या पाटीला नुसतं पाणी. तो शुक्रवार होता. रविवारी याच शेतात फील्ड डे होता, म्हणजे शिरूर आणि दौंड दोन्हीकडचे शेतकरी येऊन पीक बघणार, चहा पिणार आणि आम्हाला प्रश्न विचारून घाम फोडणार. बॅनर छापून आला होता. माझं प्रोबेशन त्याच महिन्यात संपत होतं. ट्रायल चांगली गेली की कन्फर्मेशनचं लेटर लगेच, असं सरांनी दोनदा सांगितलं होतं.

मी खुरपं घेतलं आणि पांढऱ्या पट्ट्यातलं एक झाड मुळासकट उकरून काढलं. माती झटकली. बाटलीतल्या पाण्यानं मुळं धुतली. आणि उकिडवी तशीच बसून राहिले.

मुळं स्वच्छ होती. एक गाठ नाही.

दुसरं झाड काढलं. तेही स्वच्छ. मग हिरव्या पट्ट्यातलं काढलं. त्याच्या मुळांवर गाठी होत्या. फार नाही, पण होत्या. चारी जोड्यांमधून झाडं काढली. सगळीकडं तोच प्रकार.

"सर, उलटं झालंय."

"काय उलटं?"

"वरून बघितलं तर औषधाची झाडं चांगली. खालून बघितलं तर बिनऔषधाची."

"मग वरूनच बघू की. खालचं उपटून कोण बघतंय?"

"सर, आपण मुळाचं औषध विकतोय."

सर मोबाइल खिशात ठेवून म्हणाले, "तुम्हा शिकलेल्या मुलींचा हाच प्रॉब्लेम आहे."

मी ते कौतुक म्हणूनच घेतलं. न्हावऱ्यात आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी ऊस लावला, मी एमएस्सी ॲग्री केलं. वनस्पतींचे रोग हा माझा विषय. एवढं शिकून मुळं न बघता फोटो काढायचा असेल, तर शिकायची गरज नव्हती. फोटो माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा चांगले काढतो.

आता ह्या गाठी कसल्या ते सांगते. मातीत सूत्रकृमी नावाचे किडे असतात. शेतकरी त्यांना इंग्रजीतून निमॅटोडच म्हणतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. ते कोवळ्या मुळात शिरतात आणि तिथंच मुक्काम ठोकतात. झाडाकडून स्वतःसाठी जेवणाची सोय करून घेतात. त्या जागी मूळ फुगतं, गाठ येते. मूळ असं गाठाळलं की पाणी वर चढत नाही. झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, आणि शेतकरी म्हणतो पाणी कमी पडलं. तो आणखी पाणी देतो. दुखणं तिथंच राहतं.

आमचं औषध किडा मारणारं नव्हतं. झाडाला पळता येत नाही, पण त्याला स्वतःची राखण करता येते. कुणी कुरतडलं, टोचलं की झाडाच्या अंगात काही हार्मोन तयार होतात. त्यातलं एक जॅस्मोनिक ॲसिड. त्याचं नाव जाईच्या फुलावरून पडलंय, कारण त्याच्या जवळचाच एक पदार्थ जाईच्या तेलात सापडतो. दुसरं सॅलिसिलिक ॲसिड, डोकेदुखीच्या गोळीचं चुलतभावंड. हे हार्मोन म्हणजे झाडाची आरोळी. आरोळी झाली की पेशींच्या भिंती जाड होतात, किड्याला न मानवणारे रस तयार होतात, शिरलेल्याला जेवण नीट मिळत नाही. आमची कल्पना अशी की जॅस्मोनिक ॲसिडची अगदी थोडी मात्रा आधीच पानांवर फवारायची. पानांवर दिलेला इशारा मुळांपर्यंत पोचतो. किडा यायच्या आधीच झाड सावध.

हे खरं काम करतं का, ते बघायला ट्रायल. आणि ट्रायल म्हटलं की कंट्रोल प्लॉट लागतोच. म्हणजे ज्याला काहीच दिलेलं नाही असा तुकडा. तो नसेल तर फरक कशाशी मोजणार?

शेत पाटसच्या अलीकडं सखाराम आप्पांचं. आप्पा साठीच्या पुढचे, किडकिडीत, डोक्याला पांढरं मुंडासं. तेही आमच्यासारखेच, मागच्या पिढीपर्यंत मेंढरांमागं फिरलेले. त्यांच्या रानात आधीची दोन पिकं गाठींनी गेलेली, म्हणून तर मी ती जागा निवडली होती. लागवडीआधी मी आठही पट्ट्यांतली माती तपासून घेतली होती. सूत्रकृमी सगळीकडं होते. तेव्हा पांढऱ्या पट्ट्यांत किडाच नव्हता असं म्हणायला वाव नव्हता.

"पाट्या बदलल्या असतील कुणीतरी," सर म्हणाले.

मी वहीतला नकाशा काढला. पाट्या जागच्या जागी होत्या.

मग मी शांतपणे विचार केला. खुरटं झाड आणि स्वच्छ मूळ, हे दोन्ही एका वेळी कधी होतं? कॉलेजात वाचलेलं आठवलं. हार्मोन जास्त झाला की होतं. घरातली सगळी माणसं काठ्या घेऊन राखणीला बसली तर पेरणी कोण करणार? झाडाचंही तसंच. सगळी ताकद राखणीत गेली की वाढ थांबते.

पण पांढऱ्या पट्ट्यांना तर मी थेंबभर औषध दिलं नव्हतं.

सर पुण्याला निघाले. मी आप्पांच्या घराकडं वळले. घर शेतातच. मामी, म्हणजे आप्पांची बायको, चुलीपाशी होत्या. आप्पा बाजेवर बसून सुतळी वळत होते.

"आप्पा, मी एक जास्तीची बाटली ठेवायला दिली होती. सांडलं-लवंडलं तर असावी म्हणून. ती देता का?"

आप्पांचा हात थांबला. "आसंल की. कुटं जातीय."

"बघू की मग."

"आगं बस, च्या घे आधी. उन्हातनं आलीस."

"च्या घेते. बाटली आणा."

आतून मामींचं हसू ऐकू आलं. "सांगा की आता! पोरगी शिकलेली हाय, तिला कळलं असंल."

"तू गप बस गं."

"मी न्हाई गप बसत. मी तवाच सांगितलं व्हतं, मॅडमला इचारा."

मामींनी चहाबरोबर बाटली आणून माझ्यापुढं ठेवली. रिकामी. धुऊन पालथी घातलेली.

मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी सुतळीकडं बघितलं.

"आप्पा, पांढऱ्या पाटीला औषध दिलं?"

"दिलं."

"का पण? मी तीन वेळा सांगितलं होतं, त्याला काही द्यायचं नाही."

"व्हय, सांगितलं व्हतंस." आप्पांनी सुतळी खाली ठेवली. "तू यायचीस, हिरव्या पाटीवर फवारा मारायचीस आन् जायचीस. मागं राहायचो मी. एका रानात, एका दिवशी लावलेली रोपं. निम्म्यांना वाढायचं आन् निम्म्यांनी ताटाकडं बघत बसायचं? पंगतीत आसं करतात का कुठं? माझ्या दारात न्हाई चालत हे."

"आणि किती दिलं?"

"तू पंपाला एक झाकण टाकायचीस. मी दोन टाकली."

"दोन का?"

"त्यांना उशिरा मिळालं ना! मागं राहिलेल्याला जरा जास्त वाढायला नको?"

"किती वेळा?"

"तीनदा." मग हळूच, "चारदा आसंल."

मामी म्हणाल्या, "पाचदा. मी पंपाला पाणी दिलंय."

मला राग यायला हवा होता. आलाही. तीन महिन्यांची मेहनत, न्हावऱ्याहून पाटसपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून चालवलेली गाडी, माझं कन्फर्मेशन, सगळं दोन झाकणांत बुडालं होतं. पण आप्पांचा चेहरा बघून मला हसू फुटलं. परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखे बसले होते. आणि सारखं हेही म्हणत होते, "पर झाडं का खुरटली, ते काय मला कळंना. मी तर मायेनं दिलं."

"मायेनंच खुरटली, आप्पा."

बाहेर येऊन सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. सरांनी हायवेवर गाडी कडेला घेतली.

"म्हणजे पांढरा पट्टा म्हणजे डबल डोस?"

"डबल, आणि पाच वेळा. आपल्याकडं बिनऔषधाचं झाडच नाही, सर. ट्रायल बाद आहे."

"हे बघ, पट्टे तसेच राहू देत. पाट्या तशाच राहू देत. रविवारी लोक बांधावरून बघतील. फरक दिसतोय ना? खोटं आपण काहीच बोलत नाही."

"पण सर, ही आपल्याकडची माणसं आहेत. बांधावरून बघून परत जाणारी नाहीत. कुणीतरी झाड उपटणारच."

"मग?"

"मग त्यांना दिसेल की बिनऔषधाची मुळं चांगली. ते म्हणतील, औषध न घेतलेलं बरं."

सर म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत काहीतरी सुचव. नाहीतर मी फील्ड डे रद्द करतो. आणि मग तुझ्या लेटरचं मी काही सांगू शकत नाही."

शनिवारी सकाळी मी परत शेतात. आप्पाही आले. रात्रभर झोप नव्हती म्हणाले. "माझ्यामुळं तुझी नोकरी जाईल का गं?"

"नोकरी कशाला जाईल. पण आप्पा, खरं सांगा. ह्या अख्ख्या रानात असं एकतरी झाड आहे का, ज्याला तुम्ही काहीच घातलं नाही?"

"कडंची वळ हाय की," आप्पा पटकन म्हणाले.

रस्त्याच्या बाजूची शेवटची ओळ. ट्रायलमध्ये तिला बॉर्डर रो म्हणतात. कडेच्या झाडांना वारा, धूळ, जनावरं जास्त लागतात म्हणून ती मोजतच नाहीत. मीही कधी मोजली नव्हती. ती पिवळी पडलेली मला दिसत होती, पण रस्त्याची धूळ बसून तशी झाली असेल असं मी धरून चालले होते.

"त्या ओळीला का नाही दिलं? तीही लेकरंच ना?"

"ती माझी न्हाईत. कडंची वळ वाटसरूची आसती. वाटंनं जाणारा तोडतो, धोतराला पुसतो आन् तोंडात टाकतो. त्याच्यात औषध कसं मारायचं? आमचा बा मेंढरं घिऊन जायचा तवा लोकांच्या कडंच्या वळीवर पोट भरायचा. आपल्या कडंच्या वळीला कसलंबी औषध मारायचं न्हाई, ही त्यानं घालून दिलेली रीत."

आमच्याही आजोबांची रीत तीच होती. आमच्या वडिलांपर्यंत आली आणि उसापाशी थांबली. वाटेवरून जाणारा ऊस मोडून घेतो, पण उसाला मुळात कोण फवारतंय, की कडेची ओळ वेगळी सोडावी? मला पुस्तकातला बॉर्डर रो माहीत होता, आणि घरातली कडेची ओळही माहीत होती. दोन्ही एकच, हे मात्र तोवर डोक्यात आलं नव्हतं.

मी खुरपं घातलं. झाड वर आलं आणि आप्पा "आयायाया" करत मागं सरले. मुळांची पार आल्याची कांडं झाली होती. गाठीला गाठ लागलेली. दुसरं काढलं, तिसरं काढलं. आमच्याकडं गाठींना शून्य ते पाच मार्क देतात. शून्य म्हणजे स्वच्छ, पाच म्हणजे गेलंच. कडेच्या ओळीला मी चारच्या खाली मार्क देऊ शकले नाही. हिरवा पट्टा एक-दीडवर होता. आप्पांचा लाडका पट्टा शून्यावर.

म्हणजे औषध चाललं होतं. आणि जास्त झालं तर काय होतं, तेही आप्पांनी आमच्यासाठी करून ठेवलं होतं. कंपनीनं मला ती ट्रायल कधी करू दिली नसती.

सरांना फोन केला. "सर, बिनऔषधाची ओळ सापडली. एकच आहे, कडेची आहे, कागदावर चालणार नाही. पण डोळ्यांना पटेल. उद्या सगळं जसं झालं तसं सांगू या."

"डबल डोसचं पण?"

"तेच तर आधी सांगायचं. आपले लोक दोन झाकणं टाकणारच आहेत. आप्पा काय एकटे आहेत?"

सर म्हणाले, "खताच्या पोत्यावर लिहिलेला आकडा आमचे वडीलही दुप्पट करूनच वाचायचे." ते हसले तेव्हा मला कळलं, फील्ड डे होणार.

रविवारी शंभरेक माणसं आली. मी पाट्या काढून ठेवल्या होत्या. एका बारदानावर तीन झाडं धुऊन आडवी मांडली, मुळं लोकांकडं करून. शेंड्यांवर दुसरं बारदान टाकलं.

"यातलं कुठलं झाड घ्याल?" मी विचारलं.

सगळ्यांनी स्वच्छ मुळाकडं बोट केलं. मी शेंड्यावरचं बारदान काढलं. खुरटं, बारीक पानाचं, एकही टोमॅटो नसलेलं झाड. लोक एकमेकांकडं बघायला लागले.

"काय जादू करता का, मॅडम?" न्हावऱ्याचा एक तरुण बागायतदार म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत आप्पा पुढं आले. मुंडासं सारखं केलं. "जादू न्हाई. हे माझं काम हाय. मॅडम न्हाई म्हनत असताना मी त्या पट्ट्याला दोन-दोन झाकणं पाजली. पाच वेळा. ती झाडं माझ्या लाडानं बसली."

हशा झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "मामींनी तुम्हाला कधी असं दुप्पट वाढलेलं दिसत न्हाई, आप्पा!"

"तुमचं आप्पा माझं ऐकत्याल तर वाढीन ना," मामी बाजूच्या चुलाणापाशी चहा ढवळत म्हणाल्या, आणि हशा दुप्पट झाला.

त्यानंतर मला फार बोलावंच लागलं नाही. लोकांनी माझ्या हातातलं खुरपं घेतलं आणि स्वतः झाडं काढून बघितली. दोन तास चाललं. एका आजोबांनी विचारलं, ह्याच्यानं किडा मरतो का? मी म्हटलं, नाही मरत. झाड सावध होतं, गाठी कमी होतात, पण किडा रानातच राहतो. पीक बदलायचं, उन्हाळ्यात रान तापू द्यायचं, हे सगळं करावंच लागेल. सर माझ्याकडं जरा रोखून बघत होते. इतकं खरं बोलायची फील्ड डेला पद्धत नसते. पण बाटल्यांसाठी नावं लिहून घेताना त्यांची वही पुरली नाही, तेव्हा बघायचे थांबले.

आता निकाल. हेड ऑफिसनं ती ट्रायल रद्द धरली. बरोबरच होतं. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं. हे मला बरोबर वाटलं नाही आणि मी तसं लिहून कळवलं. बाटलीच्या लेबलवर मात्र एक ओळ ठळक अक्षरांत आली: सांगितल्यापेक्षा जास्त वापरल्यास झाडाची वाढ खुंटते. ती ओळ आप्पांची आहे. लेबलवर त्यांचं नाव नाही, पण पाटसमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आप्पाच सांगतात.

पुढच्या हंगामात ट्रायल परत घ्यायची ठरली. सर म्हणाले, दुसरा शेतकरी बघ. मी आप्पांकडंच गेले. चूक करून एवढं चांगलं कबूल करणारा माणूस मला दुसरा कुठं मिळणार होता?

आप्पांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "जागा देतो. पर एक आट हाय. उपाशी ठिवायचे पट्टे माझे न्हाईत. ते तुझ्या नावावर. माझ्या लेकराला मी उपाशी ठिवणार न्हाई. तुझी तू ठिव."

मी म्हटलं, चालेल. पांढऱ्या पाट्यांवर मी माझं नाव लिहिलं. आप्पांनी त्या पट्ट्यांकडं पूर्ण हंगामभर ढुंकून बघितलं नाही. म्हणजे बघायचे, पण शेजाऱ्याच्या रानात बघावं तसं. रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून दाखवायचे, "ही बघा मॅडमची शेती. गाठी आल्यात. काय करणार, माणूस नोकरीवाला!"

ट्रायल स्वच्छ झाली. औषधाच्या पट्ट्यांत गाठी कमी, झाडं तिसऱ्या तारेवर, चमत्कार नाही पण फायदा नक्की. कन्फर्मेशनचं लेटर आलं. तोडणीच्या दिवशी आप्पांनी माझ्या पट्ट्यांतला माल वेगळा काढून माझ्या गाडीला बांधला. लिंबाएवढे टोमॅटो, निम्मे चिरलेले. आईनं ते बघून विचारलं, "एवढं शिकून हे पिकवलंस?"

तेव्हापासून माझा नियम आहे. शेतकऱ्याच्या रानात कंट्रोल प्लॉट घ्यायचा असेल, तर आधी तो स्वतःच्या नावावर करून घ्यावा. बाकीचं प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं आहे.